कवळीमावशीची डबी

माणसाचे दात गेले की तो हळूहळू काय काय सोडत जातो, हे कवळीमावशीला विचारावं. आधी तो कडक खाणं सोडतो, मग फोटोत हसणं सोडतो, मग लोकांकडे जाणं सोडतो आणि शेवटी बोलणंच सोडून कोपऱ्यात बसतो. मावशीनं उभी हयात दातांच्या लॅबमध्ये काढली. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे आणि मावशी त्यांवर कवळ्या घडवायची. पेनासारखं हातात धरायचं फिरतं यंत्र, त्याच्या टोकाला बारीकसा दगड, आणि समोर कुणाचं तरी तोंड. एका गप्प गप्प म्हाताऱ्यानं तिची कवळी बसवल्याच्याच दिवशी बायकोशी असं कडाडून भांडण काढलं की ती बाई दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात तक्रार घेऊन उभी. मावशीला वाटलं, आपल्या जिण्याचं सार्थक झालं.

आणि गंमत बघा. इतक्यांना बोलतं करणाऱ्या या बाईचं स्वतःचं तोंड मात्र काही मागायची वेळ आली की बंद. एरवी बडबडी हो! हवापाणी, शेजारणीचं मांजर, डॉक्टरांचं घाणेरडं अक्षर, कशावरही बोलायला लावा. पण ‘मला हे हवं’ एवढं म्हणायचं झालं की दातखीळ बसलीच. बसमध्ये ‘थांबवा’ म्हणायला नको म्हणून दोन थांबे पुढे उतरून मागे चालत यायची. हॉटेलात सूप अळणी आलं तर अळणी प्यायची आणि वर ‘छान होतं’ म्हणायची. नवरा होता तोही तसलाच, अबोल, भला माणूस. दोघांनी एकमेकांकडे काही न मागता संसार केला, आणि एक दिवस तो काही न सांगता गेला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पुढे मुलाचं लग्न झालं, सून आली, आणि ती मात्र तोंडाची फटकळ निघाली. तिच्यामुळे निदान जेवताना त्या घरात मीठ मागितलं जाऊ लागलं.

मावशी निवृत्त झाली आणि तिचे हात शिवशिवायला लागले. बसल्या बसल्या ती टेबलाची कड नखानं खरवडायची. चहाच्या कपाला टवका गेला असेल तर कागदानं घासून गुळगुळीत करायची. एकदा तिनं मुलाच्या दातांकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तो तोंड मिटून ऑफिसला गेला. तेव्हा सूनबाईनं एक शहाणपणाचं काम केलं. तिनं सासूला एक छोटं रोटरी टूल आणून दिलं, हातात मावेल एवढं.

“अगं, हे तर माझंच यंत्र,” मावशी म्हणाली. “जरा अंगानं भरलंय एवढंच.”

मागच्या गॅलरीत टेबल मांडलं गेलं आणि मावशी लाकडावर तुटून पडली. पण चाळीस वर्षांची सवय एका आठवड्यात सुटते होय? पहिला चमचा केला तो दाढेसारखा दिसला. दुसरा केला त्याला सुळा फुटला.

“आई,” सूनबाई चमचा उलटासुलटा करत म्हणाली, “यानं आपण सूप प्यायचं की सूप आपल्याला चावणार?”

मग मावशीनं चमच्यांचा नाद सोडून डबी करायची ठरवली. सरळ भिंतींची, सपाट तळाची, साधी डबी. तोंडात सरळ आणि सपाट असं काही नसतंच, त्यामुळे मोकळ्या हातानं तिला ते काही केल्या साधेना. तळ असा व्हायचा की मुंगीनं चालताना धापा टाकाव्यात. शेवटी ती तो फसलेला ठोकळा पिशवीत टाकून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

दुकान बोळासारखं अरुंद. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे त्याचा एकेक नमुना ठोकलेला. इथे खिळा, तिथे कडी, वर बिजागरी, खाली चाक. मालकाला सगळे खिळेवाले म्हणत. उंच, जरासे वाकलेले, चष्मा कायम कपाळावर. लग्न केलेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, “सामान लावत होतो, तेवढ्यात राहून गेलं.”

खिळेवाल्यांनी ठोकळा हातात घेतला, चष्मा नाकावर उतरवला आणि तळावरून बोट फिरवलं.

“ताई, हात चांगला आहे तुमचा. पण मोकळ्या हातानं सपाट तळ या जन्मात व्हायचा नाही. यंत्राला पाय द्या.”

आणि त्यांनी खणातून राऊटर अटॅचमेंट काढलं. म्हणजे एक गोल पारदर्शक तळवा, त्यावर दोन मुठी, मध्ये यंत्र उभं बसवायची जागा. यंत्र त्यात आवळलं की ते हातात तरंगत नाही, लाकडावर पाय रोवून उभं राहतं. बिट, म्हणजे टोकाचं कापणारं पातं, तळव्याच्या खाली किती डोकवायचं ते आधी ठरवायचं, आणि मग ते सगळीकडे तेवढंच खोल कापतं. खिळेवाल्यांनी गल्ल्यावरचं नमुन्याचं यंत्र लावलं, एक फळी पुढे ओढली आणि चालू केलं. लाकडाचा बारीक भुगा उडाला. त्यांचे हात मोठे, बोटं जाडजूड, पण ते यंत्र त्यांनी असं हळुवार पुढे नेलं की फळीत एक खाच सरळ रेषेत उमटत गेली, कड स्वच्छ, तळ आरशासारखा. चष्म्याच्या काचेवर भुगा बसला होता आणि ते हसत होते.

मावशीनं आधी खाच पाहिली, मग हात पाहिले, मग भुग्यातला तो चेहरा पाहिला, आणि बाई तिथल्या तिथे कामातून गेली. या वयात! गुडघे दुखायच्या वयात!

“देऊ का?” खिळेवाल्यांनी विचारलं.

मावशीनं नुसती मान हलवली.

घरी मुलानं विचारलं, “राऊटर? का, नेट बंद पडलं का?”

पुढचे दिवस मावशीचे काय सांगावेत! ती गॅलरीत शीळ घालायला लागली. यंत्र काही पहिल्याच दिवशी वश झालं नाही. तिच्या हाताला सवय टोचत टोचत, उचलत उचलत काम करायची, आणि या पाय फुटलेल्या यंत्राला हवा होता दोन्ही हातांचा सावकाश, न उचलता दिलेला रेटा. पहिल्यांदा तिनं ते उलट्या बाजूनं ढकललं तर ते दावं तोडलेल्या वासरासारखं जे सुटलं, ते थेट टेबलाची कड चावूनच थांबलं. मावशी पिशवी घेऊन दुकानात हजर.

“ताई, बिट ज्या बाजूनं फिरतं त्याच्या विरुद्ध ढकलायचं. त्याच्या सोबत गेलात की ते तुम्हाला ओढून पळतं. थोडा विरोध ठेवायचा.”

दुसऱ्या खेपेला ती एका जागी रेंगाळली आणि लाकूड काळं पडलं. पुन्हा दुकान.

“ताई, थांबायचं नाही. थांबलं की जळतं.”

तिसऱ्या खेपेला तिनं बिट धरणारं नट नीट आवळलं नव्हतं. कापता कापता बिट गुपचूप खाली सरकत गेलं, आणि मावशीनं डबी उचलली तर तळातून गॅलरीतली कुंडी दिसली. त्या दिवशी ती इतक्या आनंदानं दुकानाकडे निघाली की सूनबाईनं खिडकीतून पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. डबीचा तळ गेल्यावर माणूस केस विंचरून बाहेर पडतो का?

त्यानंतर बिटं मोडायला लागली. एवढ्या नाजूक हाताची बाई, आणि आठवड्याला बिट मोडतंय? सूनबाई एक दिवस बिजागरी घ्यायच्या निमित्तानं सासूबरोबर गेली. गप्प उभी राहून तिनं सगळं ऐकलं, आणि घरी येताच दार लावून घेतलं.

“आई, खरं सांगा.”

“काय खरं?”

“तुम्ही बिटं मोडता ना, मुद्दाम?”

मावशी आधी लाल झाली, मग खुदकन हसली, मग पदरानं तोंड पुसल्यासारखं करत खुर्चीत बसली. “एकच मोडलं मुद्दाम. बाकीची त्यांचा विचार करताना मोडली.”

सूनबाई हसून हसून भिंतीला टेकली. मावशी मात्र एकदम गंभीर झाली. “पण काय उपयोग आहे त्याचा? ताई म्हणतात मला. ताई! आता ताई म्हणणाऱ्या माणसापुढे काय बोलणार माणूस?”

“म्हणत होते,” सूनबाई म्हणाली. “आज मी मोजून मापून ऐकलंय. मला दोनदा ताई म्हणाले. दुसऱ्या एका गिऱ्हाईक बाईला ताई म्हणाले. तुम्हाला एकदाही नाही. तुमच्याशी बोलताना नुसतं ‘हे बघा’ म्हणतात, आणि चष्मा कपाळावर असतानाच खिशात शोधतात.”

मावशी दिवसभर त्या ‘हे बघा’वर तरंगत होती. संध्याकाळी मात्र तिचं विमान जमिनीवर आलं. ते पुढाकार घेतील? छे. सामान लावता लावता ज्याचं लग्न राहून गेलं, तो माणूस अजून दहा वर्षं सामान लावेल. मग विचारायचं कुणी? आणि विचारलं आणि ते नाही म्हणाले तर? मग त्या दुकानात कोणत्या तोंडानं जायचं? आठवड्यातली तीच तर एक जागा होती जिथे तिचा चेहरा आपोआप उजळायचा. ती गेली तर उरलं काय, गॅलरी आणि भुगा. आणि मुख्य म्हणजे विचारायचं म्हणजे मागायचं. तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

“तुम्ही बोलूच नका,” सूनबाई म्हणाली. “डबी बोलेल. तुम्ही डबी करा, आत अंगठी ठेवा, डबी पुढे सरकवा. ते उघडतील. पुढचं त्यांचं ते बघतील.”

मावशीनं सुनेचा मुका घेतला. न मागता मागायची युक्ती! याहून मोठं सुख तिला कुणी दिलं नव्हतं.

आता अंगठीला माप हवं. मावशी दुकानात गेली आणि म्हणाली, की तिला खिळेवाल्यांच्या छोट्या पटाशीसाठी हाताला बसेल अशी लाकडी मूठ करायची आहे, तेव्हा बोटांचा ठसा लागेल. कवळीसाठी वापरतात तो गुलाबी मेणाचा पत्रा तिनं हातांनी ऊन करून मऊ केला. खिळेवाल्यांनी आज्ञाधारक मुलासारखं पहिलं बोट पुढे केलं. मावशीनं ते बाजूला सारून अंगठीचं बोट ओढलं.

“मूठ या बोटानं धरतात?”

“सगळ्याच बोटांनी धरतात,” मावशी म्हणाली. तिचा श्वास मेणात अडकला होता.

ठसा घेऊन ती सहज भेटायला म्हणून जुन्या लॅबमध्ये गेली आणि दातांच्या टोप्या ओततात त्याच धातूची, त्याच पद्धतीनं अंगठी ओतून घेतली. तिथल्या लोकांनी ती हातात घेऊन विचारलं, “मावशी, हा कुठला दात, मधे भोक असलेला?” मावशी म्हणाली, “अक्कलदाढ आहे. उशिरा आलीये.”

आणि मग डबी. अक्रोडाच्या लाकडाचा एक ठोकळा तिनं निवडला. चारी बाजूंना पट्ट्या ठोकल्या, त्यांना टेकवून राऊटरचा तळवा फिरवायचा, म्हणजे भिंती सरळ. एकदम खोल जायचं नाही, पातळ पापुद्रा काढायचा, बिट जरासं खाली सोडायचं, पुन्हा पापुद्रा. नट दोनदा आवळलेलं. विरोध ठेवायचा, रेंगाळायचं नाही. यंत्र गुणगुणत होतं आणि मावशी त्याच्या सुरात सूर मिसळत होती. खोबण उतरली तेव्हा तळ असा झाला की त्यावर मुंगी घसरून पडली असती. मग दुसऱ्या फळीतून झाकण कापलं, खालून चहूबाजूंनी पायरी काढली म्हणजे ते खोबणीत उतरेल, आणि वरची कड गोल करणाऱ्या बिटनं फिरवून मऊ केली.

इथवर सगळं हार्डवेअरचं होतं. पुढे मात्र मावशीतली कवळीवाली जागी झाली, आणि इथंच माशी शिंकली.

सुतार झाकण करतो तेव्हा केसभर फट ठेवतो. लाकडाला फुगायला जागा हवी, झाकणाला निघायला वाट हवी. कवळीचं शास्त्र नेमकं उलटं. कवळी आणि टाळू यांच्यात हवेला शिरायला जागा राहिली की कवळी पडली म्हणून समजा. ती टाळूला ओढून धरते ती आतली हवा निघून गेल्यामुळे. मावशीची कवळी शिंकेनं पडत नसे, हसण्यानं पडत नसे, आणि हा तिचा आयुष्यभराचा मान होता. दवाखान्यात रोग्याला चावायला देतात तो निळा कागद तिच्याकडे होता. दात कुठे जास्त लागतोय तिथे निळा डाग पडतो आणि तेवढंच घासायचं. मावशीनं तो कागद डबी आणि झाकण यांच्या मध्ये धरून दाबला. डाग पडला तिथे घासलं. पुन्हा दाबला, पुन्हा घासलं. शेवटी कागद चारही बाजूंनी सारखा, फिकट उमटला. झाकण सोडलं की ते आपलं आपण, उसासा टाकत, सावकाश खाली बसायचं. मावशी ते दहादा बसवून दहादा हसली.

डबी द्यायच्या दिवशी सकाळी तिनं डबीला मेणाचा शेवटचा हात दिला. मेण लाकडात छान मुरावं म्हणून केस वाळवायच्या यंत्रानं डबी चांगली ऊन केली. अंगठी ठेवली आणि झाकण गरम असतानाच दाबून बसवलं. कडेला रेघसुद्धा दिसेना.

“वा!” सूनबाई म्हणाली. “उघडते ना पण?”

“न उघडायला काय झालं?” मावशी म्हणाली, आणि निघाली.

दुकानात एक नळवाला वॉशर घ्यायला उभा होता आणि रंगकाम करणारी एक बाई ब्रशचे केस ओढून पाहत होती. मावशीला वाटलं, हे दोघं जाईपर्यंत थांबावं. पण थांबलं की जळतं. तिनं डबी गल्ल्यावर ठेवली आणि पुढे सरकवली.

“उघडा,” ती म्हणाली. एवढाच शब्द पाठ करून आली होती.

खिळेवाल्यांनी चष्मा खाली घेतला. डबी उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिली. “हे बघा, ही कड! ही कड तुम्ही केलीत? इथे तर नखसुद्धा शिरत नाही.” मग त्यांचा चेहरा खुलला. “मूठ आहे ना आत? माझी?”

“उघडा ना.”

त्यांनी झाकण ओढलं. मग पिळलं. मग डबी पोटाशी धरून ओढलं. मानेच्या शिरा ताठल्या, चष्मा पुन्हा कपाळावर चढला, झाकण जागचं हललं नाही.

“आणा इकडे,” नळवाला म्हणाला. “पाइप सोडवणारा माणूस आहे मी.” त्यानं रबरी हातमोजा चढवला, दात विचकले आणि इतका जोर लावला की त्याचंच बूड फरशीवर आपटलं. डबी शाबूत.

“तुम्हा लोकांना ताकदीशिवाय काही सुचत नाही,” रंगवाली म्हणाली. “रंगाचा डबा उघडतात तसं करायचं. कडेनं ठोकत ठोकत.” तिनं डबी चहूबाजूंनी ठोकली, कानाशी हलवली. आत टिकटिक वाजलं. “मूठ नाहीये आत. काहीतरी लहान आहे.”

मावशीच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला होता. गरम हवा आत कोंडली, ती थंड होऊन आकसली, मेण घट्ट झालं, आणि झाकण टाळूला कवळी बसावी तसं बसलं. आयुष्यातली सगळ्यात उत्तम कवळी तिनं आज बसवली होती, तीही डबीला! उपाय साधा होता. बुडाला सुईएवढं भोक पाडायचं, हवा आत जाईल, झाकण सुटेल. नमुन्याचं यंत्र गल्ल्यावर हाताच्या अंतरावर पडलं होतं. ‘ते जरा मला द्या’ म्हटलं की झालं. पण ‘मला द्या’ म्हणायचं कुणी? तिची जीभ टाळूला चिकटली.

“थांबा,” खिळेवाले म्हणाले. त्यांनी फळीवरून धारदार पटाशी काढली. “कडेत घालून अलगद उचकटतो.”

पटाशीचं टोक त्या कडेला टेकलं. त्या निळ्या कागदानं तपासलेल्या, केसाएवढीही फट नसलेल्या कडेला!

“नको!” मावशी किंचाळली. “आत अंगठी आहे!”

पटाशी हवेतच राहिली.

“कुणाची अंगठी?” खिळेवाल्यांनी विचारलं.

“तुमची.”

“माझी? मी अंगठी घालत नाही.”

“म्हणूनच.”

“म्हणूनच म्हणजे?”

मावशीनं दाराकडे पाहिलं. अजूनही सुटायला वाट होती. ‘सहज केली हो, हात बसावा म्हणून,’ असं म्हणून हसायचं, आणि मग उद्यापासून पुन्हा बिटं मोडायची. नळवाला फरशीवरून उठायचं विसरला होता. “बाई,” तो म्हणाला, “मला नुसता वॉशर हवा होता. पण आता काय तो निकाल लागल्याशिवाय मी हलत नाही.”

मावशीचे गाल तापले, कान तापले. तिनं गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली. आणि मग शब्द बाहेर पडले, तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं.

“मला तुम्ही हवे आहात. माझ्याशी लग्न करता का?”

रंगवालीच्या हातातले ब्रश खाली सांडले. खिळेवाल्यांनी पटाशी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. चष्मा कपाळावर होता आणि ते तो गल्ल्यावर शोधत होते. मग ते नळवाल्याकडे वळले.

“नोंदणीला साक्षीदार लागतात म्हणे,” ते म्हणाले. आवाज कुठल्या कुठे गेला होता. “तुम्ही दोघं... मोकळे असता का या आठवड्यात?”

“मला आधी हो की नाही ते सांगा!” मावशी ओरडली. एकदा सुटलेलं तोंड आता थांबत नव्हतं. “साक्षीदारांचं मागून बघू. हो की नाही?”

“हो,” खिळेवाले म्हणाले. “हो, हो. कधीचं हो. रोज ठरवायचो, आज विचारू. पण तुम्ही मोडकं बिट पुढे करायचात आणि मी बिटाबद्दलच बोलत बसायचो.”

नळवाल्यानं बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. रंगवाली कुणाशीच ओळख नसताना मावशीच्या गळ्यात पडली. मावशीला रडू आणि हसू दोन्ही एकदम फुटलं, आणि तशातच तिनं हात पुढे केला.

“ते यंत्र द्या मला. सगळ्यात बारीक बिट द्या. तुम्ही डबी पक्की धरा. आणि बाई, तुम्ही उजेडातून बाजूला व्हा.”

सगळ्यांनी निमूट ऐकलं. बिट डबीच्या बुडाला टेकलं, गुणगुणलं, आत गेलं. फुस्स. झाकण ओढताच अलगद वर आलं, जसं काही कधी अडलंच नव्हतं. खिळेवाल्यांनी अंगठी उचलली आणि घातली. ती अंगठीच्या बोटात सरसर उतरली आणि नेमकी जागेवर थांबली.

“आणि मूठ?” त्यांनी विचारलं.

“मूठ नव्हतीच कधी,” मावशी म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. सूनबाईला सकाळपासून घरात चैन नव्हतं.

“आई, उघडली का हो त्यांनी डबी?”

“नाही. उघडलीच नाही त्यांना.”

पलीकडून अगदी हळू आवाज आला. “अगंबाई. मग हो?”

“मग मी विचारलं.”

“विचारलं म्हणजे?”

“म्हणजे तोंडानं. मला तुम्ही हवे आहात, म्हटलं.”

“तुम्ही? तुम्ही म्हणालात?”

“हो, मी. मोठ्यानं. नळवाला होता साक्षीला.”

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. सूनबाई घरातून आतल्या खोलीकडे धावत होती, आणि तिचा आवाज दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू आला. “अहो, या, लवकर बाहेर या! आईंनी मागितलं! आपल्या आईंनी तोंड उघडून मागितलं!”

ते हो म्हणाले का, हे विचारायचं ती विसरूनच गेली.